होती तशी

साठातली एकतीस वापरली,
एकोणतीस अजून शिल्लक.
तरी बँकेतला पोरगा म्हणाला,
काका, एवढ्या पट्ट्यावर कर्ज बसत नाही.
असं म्हणाला, जसं दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून
दुकानदार पिशवी मागे ठेवतो.

धाकटीला डिचोलीत गुरांचा दवाखाना काढायचाय.
म्हणून मी कोमुनिदादच्या कचेरीत.
टेबलावर कागद, कागदांवर शिंपले,
वर पंखा, ज्याला शिंपले पुरत नाहीत.
एस्क्रिव्हांव एवरिस्तो चष्मा कपाळावर ढकलून विचारतो,
किती घालू? तीस? नव्याण्णव?
चहात साखर विचारावी तसं.

मी एकोणसत्तरचा.
गोळ्या महिन्याच्या आणतो,
गॅस एकावेळी एकच.
नव्याण्णव म्हणताना कवळी जराशी हलली.
म्हटलं, विचारून सांगतो.
कुणाला विचारणार होतो, कोण जाणे.

चौतीस वर्षं मी पणजीच्या दैनिकात मुद्रितं तपासली.
लोकांच्या वेलांट्या, लोकांची निधनं,
एकदा तर मंत्र्याचं उद्घाटन पोटफोड्या ष-सकट.
त्यामुळे करारही तांबडी पेन्सिल घेऊनच वाचला.
सतरा पानं.
पान चारवर उत्तरेस नदी,
पान नऊवर उत्तरेस वाट.
खूण केली.
वकिलीणबाई म्हणाल्या, चालतं हो, दोन्ही खरं आहे.

मग कलम अकरा.
मुदत संपताच जागा होती तशी परत करावी.

होती तशी.
दोन शब्द, शुद्धलेखन ठीक.
पेन्सिल तिथंच थांबली.

तळमजल्यावरची आनाक्लेता बाय एक्याऐंशीची आहे.
तिला विचारलं, कशी होती?
ती गॅलरीत सुकं बांगडं उलटत होती, मान वर न करता म्हणाली,
आगर होतं रे.
तुझी न्हाणी आहे ना, तिथं भरतीचं पाणी घ्यायची मानस.
बेडरूम म्हणजे कोंडी.
आणि तू जेवतोस तिथं मिठाची रास, वर चुडतं घातलेली.
माझ्या डोक्यावर टोपली, पायाला चिरा.
सात वर्षांची होते.
तुझा तिसरा मजला तेव्हा नुसता वारा.

तर हे असं.
एकतीस वर्षं आम्ही म्हणत होतो, बिल्डरनं रेती खारी वापरली.
दर मार्चमध्ये जेवणघराची भिंत पांढरी फुलते,
रंगाचे पापुद्रे उचलून पाहते.
तीन वेळा गिलावा, दोन वेळा ते महागडं रसायन,
ज्याच्या डब्यावर हसरं कुटुंब होतं.
उमावती तर एकदा बोट लावून, चाखून म्हणाली होती,
रंगाऱ्याला देण्यापेक्षा हुमणात घालू या.
तेव्हा हसलो.

काल नव्याण्णव घातली.
रक्कम ऐकून उमावतीनं पाटल्यांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
सही तीन ठिकाणी, अंगठा एका.
पावतीवर माझं आडनाव खांडोळकरचं खाडोळकर.
अनुस्वार मागितला नाही.
खाडीचंच असेल तर असू दे.

रात्री जेवून उठल्यावर
जुन्या ओळखपत्रानं भिंत खरवडली.
वाटीभर निघालं.
चोडणची शेवटची फेरी धक्क्याला लागल्याचा आवाज आला,
साखळीचा, मग कुणाच्या तरी स्कूटरचा.
सवयीनं हिशेब मांडला:
पट्टा संपतो तो दिवस कुठला वार?
लीप वर्षं धरून तीनदा तपासलं.
रविवार येतो.
कचेरी बंद असणार.

वाटी ओट्यावरच ठेवली.
सकाळी पाहिलं तर
मीठ ओलं झालं होतं,
आणि उमावती
दुसरी वाटी शोधत होती.